गावाकडं या

माझा मोठा भाऊ मार्गशीर्षातल्या एका शुक्रवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास परभणीतल्या एका खासगी दवाखान्यात वारला. वय चोपन्न. कारण हृदयविकाराचा झटका. पहिला सकाळी आला होता, दुसरा तेव्हा आला. त्या वेळी त्याची पत्नी त्याच शहरात, दवाखान्यापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, बांगड्यांच्या दुकानात बसून बांगड्या भरून घेत होती.

बातमी असती तर शेवटचे वाक्य डेस्कवरच कापले गेले असते. मृत्यूच्या बातमीत बांगड्यांचे दुकान येत नाही. मी स्वतःही ते कापले असते. परभणीच्या एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत मी वीसेक वर्षे हेच काम करतो. तालुक्यांतून आलेला मजकूर वाचायचा, नको ते काढायचे, उरलेले सरळ करायचे. या मजकुरात तेवढे वाक्य ठेवले आहे, कारण बाकी सगळे त्याचेच स्पष्टीकरण आहे.

आधी एका शब्दाबद्दल.

'अटॅक' हा शब्द माझ्या टेबलावर रोज येई. वार्ताहर तो दोन प्रकारांनी पाठवत. एक, माणसाचा. अमुक गावचे अमुक यांना अटॅक आला व त्यांचे निधन झाले. दुसरा, पिकाचा. कपाशीवर लाल्याचा अटॅक, तुरीवर अळीचा अटॅक. खताच्या दुकानांतल्या फलकांवर तो याच रूपात असतो आणि शेतकरीही तसेच बोलतात. दोन्ही ठिकाणी तो काढायचा, अशी डेस्कची शिस्त होती. माणसाच्या बाबतीत 'हृदयविकाराचा झटका', पिकाच्या बाबतीत 'प्रादुर्भाव'. मी नवा होतो तेव्हा अळीच्या बातमीला 'हल्ला' असे शीर्षक दिले होते. आमच्या तेव्हाच्या वृत्तसंपादकांनी कागद परत माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, "अळी हल्ला करत नाही. तिला भूक लागते." त्यानंतर मी तो शब्द माणसांसाठी राखून ठेवला, तोही लाठ्याकाठ्या असतील तरच.

बोलण्यात मात्र तो कुणी अडवला नाही. आमच्या गावात, झरीच्या पुढे काही कोसांवर, तो कशालाही लागतो. विजेचे बिल बघून अटॅक येतो. जावयाने नवी गाडी घेतली की सासऱ्याला अटॅक यायचा बाकी राहतो. दादा, म्हणजे माझा हा भाऊ, दर दिवाळीत मला म्हणे की तुझा पेपर उघडला की अटॅकच यायलाय, पानोपानी मेलेली माणसं. खऱ्या अटॅकचीही लोकांनी वर्गवारी करून ठेवली आहे. छोटा असतो, मोठा असतो. पहिला माफ असतो, दुसरा इशारा असतो, तिसरा नेतो. डॉक्टरांना हे मान्य नाही, पण गावात पारावर कुणी ईसीजीचा कागद उघडला की पहिला प्रश्न 'कितवा?' असाच येतो.

आणखी एक उपयोग आहे, आणि तो आमच्याकडच्या सगळ्यांना न शिकवता कळतो. फोनवर मृत्यू सांगत नाहीत. माणूस गेलेला असतो, पण दूरच्या नातेवाइकाला, विशेषतः बायकांना, 'सिरियस हाय' किंवा 'अटॅक आलाय' एवढेच सांगतात. त्यांनी रस्ता नीट कापावा, पोहोचेपर्यंत धीर टिकावा, म्हणून. ऐकणाऱ्यानेही पुढे विचारायचे नसते. 'गेले का?' हे शब्द तोंडातून काढणे अशुभ. मग ऐकणारा दुसऱ्या गोष्टीवरून ओळखतो. कुठे बोलावले आहे, त्यावरून. माणूस जिवंत असेल तर परभणीला बोलावतात, नांदेडला बोलावतात, दवाखान्याचे नाव सांगतात. गेला असेल तर गावाकडे बोलावतात.

त्या शुक्रवारी सकाळी दादा हरभऱ्याला पाणी देत होता. शेताची वीज त्या आठवड्यात पहाटे होती. दिवस वर आला तेव्हा तो धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसला आणि बराच वेळ उठला नाही. शेजारच्या वावरात आमचा चुलतभाऊ होता. दादापेक्षा वयाने लहान, कामाला वाघ, बोलायला घाईचा. त्याने पाहिले तर थंडीत दादाचा सदरा घामाने भिजला होता. डावा हात जड झालाय, जबडा दुखतोय, एवढेच दादा म्हणाला. चुलतभावाने त्याला मोटारसायकलवर मागे बसवले, आपल्या उपरण्याने स्वतःच्या कमरेशी बांधले आणि तसाच परभणीला आणला. मी शहरातच राहतो. मी दवाखान्यात पोहोचलो तेव्हा दादाला आयसीयूत घेतले होते.

डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितले की झटका आहे, औषध सुरू केले आहे, पुढचे काही तास महत्त्वाचे आहेत, स्थिर झाले की नांदेडला हलवू. मी वहीत लिहून घ्यावे तसे ते ऐकले. मग कळवायचे काम आम्ही दोघांनी वाटून घेतले. दादाची एकुलती मुलगी पूर्णेला दिली आहे, जावई रेल्वेत आहे. तिला मी फोन केला. बाबांना झटका आलाय, शुद्धीवर आहेत, बोलतायत, परभणीला ये, दवाखान्याचे नाव हे. ती दुपारच्या आत माझ्याशेजारी बाकावर येऊन बसली.

वहिनी माहेरी होत्या. माहेर सोनपेठजवळ. त्यांच्या आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते म्हणून आठ दिवसांसाठी गेल्या होत्या. तिकडे चुलतभाऊ म्हणाला, मी कळवतो, तुम्ही इथं बघा. त्याने वहिनींच्या भावाला फोन केला. तो फोन मी जवळून ऐकला. त्याने दोनच वाक्ये सांगितली. "दादाला अटॅक आलाय. बाईला घेऊन गावाकडं या." माझे लक्ष आयसीयूच्या दाराकडे होते, त्यातले काही मला तेव्हा खटकले नाही.

त्याचा हिशोब साधा होता आणि त्याने तो नंतर मला अनेकदा सांगितला. आयसीयूत कुणाला सोडत नाहीत. बाया येऊन जिन्यात बसणार. घरी आमची माय एकटी आहे, तिला अजून खरे सांगितलेले नाही, गॅस झालाय म्हणून सलाईन लावायला नेलेय एवढेच सांगितलेय. तिच्याजवळ सून असावी. म्हणून गावाकडं.

सोनपेठला मात्र ते सगळ्यांना ठाऊक असलेल्या एकाच अर्थाने ऐकले गेले, माणूस गेला. वहिनींच्या भावाने फोन ठेवला आणि काही विचारले नाही. त्याने आपल्या बायकोला आत बोलावून सांगितले. वहिनी मागच्या अंगणात आईच्या डोळ्यात औषध घालत होत्या. भावजय बाहेर आली, तिच्या चेहऱ्याकडे वहिनींनी पाहिले. "काय झालंय?" "दाजींना अटॅक आलाय." "कुठं हायेत?" "गावाकडं बोलावलंय."

वहिनींनी औषधाची बाटली झाकण लावून खाली ठेवली. उठून दाराशी गेल्या, कपाळावरचे कुंकू पुसले आणि दोन्ही मनगटे चौकटीवर आपटली. हातात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. उजव्या मनगटाला काच लागली, रक्त आले. भावजयीने पदराने बांधले.

मग भावाने जीप आणली, भावजयही बरोबर निघाली. निघण्याआधी त्याने वहिनींचा मोबाइल मागून घेतला आणि बंद करून खिशात ठेवला. हीही आमच्याकडची रीत आहे. वाटेत कुणी तरी फोन करून एकदम सांगून टाकते, बाई चालत्या गाडीत बेशुद्ध पडते, म्हणून फोन काढून घेतात. मी त्या सकाळी वहिनींना दोनदा फोन लावला. बंद होता. रेंज नसेल असे मला वाटले. तिकडे बऱ्याच वेळा नसते.

सोनपेठहून आमच्या गावाला यायला परभणीवरूनच यावे लागते. दुसरा रस्ता नाही. जीप शहरातून आली आणि जिंतूरच्या रस्त्याला लागली. दवाखाना त्याच रस्त्यालगत आहे. ती दवाखान्यासमोरून गेली तेव्हा दादा दुसऱ्या मजल्यावर जागा होता. मी त्याच सुमाराला आत गेलो असणार, कारण नर्सने पाच मिनिटांसाठी सोडले होते आणि दादाने पहिल्यांदा तेव्हाच वहिनींबद्दल विचारले.

नाकात नळी, छातीवर तारा, बाजूला पडद्यावर हिरवी रेघ. मला बघून तो म्हणाला, "पेपरात देऊ नको लगेच." मी म्हणालो, जागा नाही, आज जाहिराती जास्त आहेत. तो हसला, मग त्याला हसू नका म्हणून नर्स बोलली. "ती निघाली का?" त्याने विचारले. निघाल्यात, मी म्हणालो. "तिचा भाऊ जीप बैलगाडीसारखी हाकतो," दादा म्हणाला. "सांजच्याला येतील."

त्याला काही सांगायचे होते का, हे मला माहीत नाही. त्याने तसे म्हटले नाही. पुढच्या प्रत्येक वेळी मी किंवा पुतणी आत गेलो की त्याने तेवढेच विचारले. ती आली का.

दुपारी चुलतभावाचा फोन वाजला. गावातून आमच्या गल्लीतले एक वडीलधारे बोलत होते. आवाज इतका मोठा होता की बाकावर बसून मलाही ऐकू आले. "कवा आणायलात?"

"कुणाला?" चुलतभावाने विचारले.

"अरे कुणाला म्हंजी? इथं बाई येऊन पडलीय. सगळी गल्ली जमलीय. लाकडाचं बगावं का, का सोनपेठवाले समदे येऊ द्यायचे?"

चुलतभाऊ उठून उभा राहिला. त्या मजल्यावर मोठ्याने बोलू नये अशी पाटी होती. तो तिच्या खालीच उभा होता. "जित्ता हाय त्यो. जित्ता हाय, इथं बोलायलाय."

मी आत जाऊन दादाला पाहून आलो. याची गरज नव्हती, दहा मिनिटांपूर्वीच मी आत होतो. सवयीने गेलो. बाहेर येऊन मोबाइल उघडला तर नातेवाइकांच्या ग्रुपवर दादाचा फोटो होता. पुतणीच्या लग्नातला, फेटा बांधलेला. भोवती फुलांची चौकट, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. त्याखाली हात जोडलेल्यांची रांग. पुतणीने ते माझ्या खांद्यावरून पाहिले. मी ज्याने टाकले होते त्याला फोन केला, त्याने काढून टाकले.

गावात पुढे काय झाले ते मला वहिनींकडून, त्यांच्या भावजयीकडून आणि मायकडून कळले. एक गोष्ट सोडली तर तिघींचे सांगणे जुळते.

जीप दारात थांबली तेव्हा माय ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिच्या लेखी मुलगा गॅसचे सलाईन लावायला गेला होता. सून जीपमधून उतरली ती उघड्या मनगटांनी. माय काही विचारण्याच्या आधीच गल्लीतल्या बाया आल्या. त्यांनीही काही विचारले नाही. मनगटे सगळ्यांना दिसत होती. आमच्या घरात दादासाठीचा आकांत असा सुरू झाला. दादा त्या वेळी दवाखान्यात नर्सला विचारत होता की चहा मिळतो का.

चुलतभावाचे ओरडणे फोनमधून अंगणात पोहोचले तेव्हा तो आकांत थांबला. एकदम नाही. पुढच्यांचा थांबला, मागच्यांना कळेपर्यंत वेळ लागला. वहिनी उठल्या. म्हणाल्या, चला. त्या दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या, आपल्या हातांकडे पाहिले.

बांगड्यांचे कोण आधी बोलले याबद्दल मी विचारले आहे. भावजय म्हणते, मी म्हणाले नाही. माय म्हणते, कुणीच म्हणाले नाही. वहिनी म्हणतात, "मीच म्हणाले. त्यांनी डोळे उघडले आन् माजे हात असे बगितले, तर त्यांना काय वाटंल?"

जिवंत नवऱ्यासमोर बायको उघड्या मनगटांनी आणि पुसल्या कपाळाने उभी राहिली तर काय होईल, हे सगळ्यांना आपापल्या परीने ठाऊक होते. कुंकू घरात होते, ते मायनेच लावले. बांगड्या नव्हत्या. गल्लीतल्या बाया आपल्या हातातल्या द्यायला तयार होत्या. पण काचेची बांगडी हाताच्या मापाने, दाबून भरलेली असते. ती परत निघत नाही, फुटते. दोघीतिघींनी साबण लावून प्रयत्न केला. गावात बांगडीवाली बाजाराच्या दिवशी येते. बाजार शुक्रवारी नसतो.

त्यात वहिनींचा भाऊ जीप घेऊन डिझेल भरायला झरीला गेला होता. तो परत आल्यावर ते निघाले. परभणीत बांगड्या घ्यायच्या आणि दवाखान्यात जायचे, असे ठरले. वहिनींच्या भावाने मला फोन केला की आम्ही निघालोत. मी आत जाऊन दादाला सांगितले. तो म्हणाला, "मंग सांजच्या आधी येतील."

बांगड्यांचे दुकान जुन्या बाजारात. मणियार म्हातारा, पिढ्यांचा धंदा. शुक्रवार असल्यामुळे तो नमाजला गेला होता, मग जेवायला घरी. दुकानात त्याची नात होती, तिला हात भरता येत नव्हते. भावजयीने दुसरे दुकान बघू म्हटले. बाजूची दोन दुकाने त्याच कारणाने बंद होती. ते थांबले. मी वहिनींच्या भावाला पुन्हा फोन केला, कुठपर्यंत आलात. तो म्हणाला, आलोच, पाच मिनिटात. कुठे आहोत, हे त्याने सांगितले नाही. बहिणीने नवरा जिवंत असताना बांगड्या फोडल्या आहेत, हे तो तिच्या दिराला फोनवर सांगू शकत नव्हता.

मणियार आला. वहिनींचा उजवा हात पाहून म्हणाला, "बाई, हात लय सुजलाय. काच लागलीय. आज नगं, दोन दिस जाऊ द्या."

"आताच भरा," वहिनी म्हणाल्या.

"दुखंल."

"दुखू द्या."

त्याने डावा हात आधी घेतला. मग कोमट पाणी मागवून उजवा. एकेक बांगडी तो हाडावरून हळू सरकवत होता. एक चढताना फुटली, तिच्या जागी दुसरी घेतली. भरून झाल्यावर त्याने रीतीप्रमाणे आपला हात कपाळाशी नेऊन भरलेल्या हातांना सलाम केला. तोपर्यंत दवाखान्यातली धावपळ होऊन गेली होती. दुसरा झटका आल्यावर आम्हाला बाहेर काढले होते. पडद्याआड किती वेळ गेला ते मी पाहिले नाही. डॉक्टर आले, त्यांनी पुतणीकडे न बघता माझ्याकडे बघून सांगितले.

वहिनी जिन्याने वर आल्या तेव्हा मी जिन्याच्या तोंडाशी उभा होतो. त्यांनी दोन्ही हात किंचित पुढे धरले होते, नव्याने बांगड्या भरलेल्या बाया धरतात तसे. त्यांनी विचारले, "झोपलेत का?"

मी म्हणालो, "गेले."

आमच्या घरात असे एका शब्दात कुणी कुणाला सांगितलेले नव्हते. त्या आत गेल्या. तारा काढलेल्या होत्या. त्या उभ्याच राहिल्या, मग दादाचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. बराच वेळ त्यांनी तो सोडला नाही आणि त्या रडल्या नाहीत. रडून सकाळीच झाले होते, असे त्या पुढे एकदा म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी गावात अंत्यविधी झाला. दुपारी काढून टाकलेला फेट्यातला फोटो ग्रुपवर पुन्हा टाकला गेला. मजकूर बदलावा लागला नाही. दुसऱ्या दिवशीच्या अंकात निधनवार्ता आली. ती माझ्या सहकाऱ्याने केली होती. त्याने 'हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने' असे लिहिले होते. आम्ही नेहमी तसेच लिहितो.

अंत्यविधीच्या आधी एक गोष्ट झाली. दादाला अंगणात ठेवले होते. भावकीतल्या दोन वयस्क बाया वहिनींजवळ आल्या आणि त्यांचे हात धरले. पुढे काय करायचे असते ते सगळ्यांना माहीत होते. वहिनींनी हात मागे घेतले.

"माज्या मी सकाळीच फोडल्यात," त्या म्हणाल्या. "ह्या त्यांना दाखवायला भरल्यात. त्यांनी बगितल्या न्हाईत. ह्या राहू द्या."

बाया म्हणाल्या की असे चालत नाही. एक म्हणाली, लोक काय म्हणतील, आणि तिच्यामागे आणखी दोघी तेच म्हणाल्या. माय भिंतीला टेकून बसली होती. आमचे वडील गेले त्याला तेव्हा तीस वर्षे झाली होती आणि तीस वर्षांत तिच्या हातात काही नव्हते. घरात शेवटचा शब्द तिचा असतो. ती म्हणाली, "राहू द्या."

त्या बाया बाजूला झाल्या. त्यातली एक पुढे वर्षभर आमच्याकडे आली नाही.

दहावे-तेरावे झाल्यावर मी कामावर गेलो. पहिल्याच दिवशी टेबलावर एका तालुक्याची बातमी होती, 'गावात डेंग्यूचा अटॅक'. मी शब्द काढून 'डेंग्यूचे रुग्ण' केले. मग कार्यालयातला जाड इंग्रजी कोश काढून तो शब्द पाहिला. वीस वर्षे मी तो खोडत होतो, पण कधी पाहिला नव्हता.

इंग्रजीत तो फ्रेंचमधून आला, तिथे इटालियनमधून. इटालियनमध्ये मूळ अर्थ मारणे असा नाही. जोडणे, बांधणे, अडकवणे असा आहे. त्या भाषेत लढाई 'जोडत' असत, तो वाक्प्रयोग पुढे आखडला आणि जोडणे म्हणजेच चाल करून जाणे असा अर्थ झाला. आपण लढाई जुंपली म्हणतो, तसेच. बैल जुंपावेत तशी. इंग्रजीतला 'अटॅच' त्याच घरातला. दोन्हींच्या मागे खुंटा किंवा मेख अशा अर्थाचा एक जुना शब्द असावा, असे कोशकार सांगतात, 'बहुधा' हा शब्द घालून. शरीराच्या दुखण्यासाठी तो नंतर वापरला जाऊ लागला, आधी तापासाठी, मग कशासाठीही. हृदयाला लागला तो त्या मानाने अलीकडे. इंग्रजीत अटॅक कुणीतरी करतो. मराठीत तो येतो, जसा ताप येतो, पूर येतो, पाहुणे येतात. एवढे वाचून मी कोश जागेवर ठेवला. त्या पानावर मला हवे होते असे काही नव्हते. काय हवे होते तेही मला सांगता आले नसते.

पुढे एकदा गावी गेलो असताना हे मी वहिनींना सांगितले. चुलतभाऊही तिथे होता. तो त्या दिवसानंतर वहिनींसमोर खाली बघून बसतो. मी खुंट्याचे सांगितले, जोडण्याचे सांगितले. वहिनी शेंगा फोडत होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, ते पुस्तकातलं असू द्या. माणूस हाय का न्हाई, एवढं सांगायला कोणता शबुद लागतो?"

चुलतभाऊ म्हणाला, "मला वाटलं मायजवळ कुणी पायजे."

"मला म्हाईत हाय तुला काय वाटलं," वहिनी म्हणाल्या. त्यांनी सोललेल्या शेंगांची परात त्याच्याकडे सरकवली. त्याने मूठभर घेतल्या आणि तो खात बसला. त्या दोघांत त्या विषयावर एवढेच बोलणे झाल्याचे मला माहीत आहे.

गेल्या वर्षी वहिनींच्या आईची प्रकृती बिघडली. मी तेव्हा गावी होतो. वहिनी चुलीपुढे होत्या, फोन वाजला. भावाचा होता. त्याने सुरुवात केली, मायला जरा जास्त झालंय, तू अशी कर.

वहिनींनी त्याला पुढे बोलू दिले नाही. "हाय का न्हाई?"

मग तो म्हणाला, "हाय."

"मंग फोन तिच्या कानाला लाव."

त्याने लावला असावा. वहिनी म्हणाल्या, "माय, मी निघाले. ऐकू यायलंय का? निघाले मी." तिकडचे उत्तर मला ऐकू आले नाही. त्यांनी चुलीतले लाकूड मागे ओढले, भाकरी उतरवली आणि पिशवी भरली. मोबाइल त्यांनी स्वतःच्या हातात ठेवला. मी त्यांना परभणीपर्यंत गाडीने सोडले, तिथून त्यांनी सोनपेठची एसटी धरली. त्यांची आई त्यानंतर आठवडाभर होती. वहिनी शेवटपर्यंत जवळ होत्या.

या दिवाळीत मी गावी गेलो होतो. मणियाराने भरलेल्या बांगड्यांपैकी उजव्या हातातली शेवटची सोयाबीनच्या काढणीत फुटली. डाव्या हातात दोन आहेत.